मेद, शर्करा आणि प्राणवायूचा जाच



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते या शाळेत रसायनशास्त्र शिकवीत असत. विषय निवडण्याची मोकळीक संस्थेने मला दिली, तेव्हा रसायनशास्त्राला धरून असलेला, पण येथे जमलेल्या बहुतेक घरांना ज्याची झळ पोहोचते आहे असा विषय घ्यावा, असे मी ठरविले. मधुमेह जडलेल्या आणि वजन वाढलेल्या माणसाने वजन उतरविले, तर त्याच्या पेशींच्या आत नेमका कोणता फरक पडतो, हा तो विषय होय. आयुष्यभर मी जीवरसायनशास्त्र शिकविले आहे; त्यामुळे बोलताना थोडी वर्गातली सवय डोकावेल, ती आपण सांभाळून घ्याल अशी आशा आहे.

भोपाळातील मराठी समाजापुरती या प्रश्नाला एक स्थानिक पार्श्वभूमीही आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले, नागपूरची राजधानी भोपाळला हलली आणि सरकारी कचेऱ्यांबरोबर कितीतरी मराठी कुटुंबेही येथे आली. पुढे भेलच्या कारखान्याने आणखी आणली. त्या पिढीतील वडीलधारी माणसे या चढउतारांच्या गावात सायकल दामटीत कचेरीत जात आणि घामाघूम होऊन परतत. मुलांच्या हाती स्कूटर आली, नातवंडांच्या हाती मोटार. न्याहारीचे पोहे मात्र तसेच राहिले, उलट भोपाळच्या संगतीने त्यांना जिलबीची जोड मिळाली! पोह्यांना मी दोष देत नाही. खर्च घटला आणि जमा तशीच राहिली, की शिल्लक वाढते. ती शिल्लक आपण पोटावर वागवितो, एवढेच मला म्हणायचे आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आढळली; आणखी १३ कोटी ६० लाख माणसे त्याच्या उंबरठ्यावर उभी होती. पोट सुटलेल्यांचे प्रमाण त्याच पाहणीत शंभरात एकोणचाळीसच्या वर निघाले.

आता मूळ रसायनाकडे वळू. दिवाळीचा फराळ संपत आला की डब्याच्या तळाशी राहिलेल्या चकल्यांना खवट वास येऊ लागतो. जुने खोबरे, जुने शेंगदाणे यांचेही तसेच होते. तेलातील मेदाम्लांवर हवेतील प्राणवायूची क्रिया होऊन ती तुटतात आणि त्यांच्या तुकड्यांचा तो वास असतो. आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीचे आवरण अशाच मेदाम्लांचे बनलेले आहे. ते ३७ अंश तापमानात, प्राणवायूच्या सान्निध्यात, वर्षानुवर्षे राहते. तरीही आपण खवट होत नाही, ही खरे तर आश्चर्य करण्याजोगी गोष्ट आहे. किंबहुना, आपण थोडे थोडे होतच असतो. खवट तेलाची परीक्षा करण्यासाठी अन्नरसायनतज्ज्ञ मॅलॉनडायअल्डिहाइड नावाचा जो पदार्थ मोजतात, तोच पदार्थ प्रयोगशाळेत मधुमेही माणसाच्या रक्तात मोजला जातो आणि निरोगी माणसापेक्षा तो तेथे अधिक सापडतो.

असे का व्हावे? अन्नातून मिळालेली ऊर्जा मोकळी करण्याचे काम पेशीतील तंतुकणिका करतात. अन्नापासून निघालेले इलेक्ट्रॉन हातोहाती पुढे सरकत शेवटी प्राणवायूपर्यंत पोहोचतात, त्यांचा हायड्रोजनशी संयोग होऊन पाणी तयार होते आणि वाटेत मोकळी झालेली शक्ती शरीर वापरते. या साखळीतून अधूनमधून एखादा इलेक्ट्रॉन निसटतो आणि मध्येच प्राणवायूच्या रेणूला जाऊन चिकटतो. मग जो कण तयार होतो त्याला सुपरऑक्साइड म्हणतात. त्याचा एक इलेक्ट्रॉन जोडीदारावाचून असल्यामुळे तो अस्वस्थ असतो. मिळेल त्याच्याशी क्रिया करतो. अशा कणांना मुक्त मूलके ही संज्ञा आहे. त्यांचा बंदोबस्त करणारी व्यवस्थाही शरीरातच असते. सुपरऑक्साइड डिसम्यूटेज या विकराचे कार्य मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये उलगडले. त्याच्याखेरीज कॅटॅलेज आहे आणि ग्लुटाथायोन नावाचा, तीन अमायनो आम्लांचा बनलेला, गंधक असलेला छोटासा रेणू आहे. हा रेणू स्वतः ऑक्सिडीकृत होऊन इतरांना वाचवितो आणि पुन्हा पूर्ववत होऊन कामाला लागतो. मूलके निर्माण होण्याचा वेग या बंदोबस्ताच्या आवाक्याबाहेर गेला, की जी अवस्था येते तिला जर्मन शास्त्रज्ञ हेल्मुट झीस यांनी १९८५ मध्ये ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस असे नाव दिले. आपण तिला ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणू.

ग्लुटाथायोनचे नाव भोपाळमध्ये उच्चारले, की थोडे थांबावेसे वाटते. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरच्या रात्री जो वायू या गावावर पसरला, त्या मिथाइल आयसोसायनेटला शरीरात पकडणाऱ्या रेणूंपैकी ग्लुटाथायोन हा एक महत्त्वाचा रेणू होय. दुर्दैव असे, की ही पकड सुटू शकते; एका ठिकाणी बांधलेले विष दुसरीकडे मोकळे होऊ शकते. तो वायू हिमोग्लोबिनच्या टोकाशी असलेल्या व्हॅलिन या अमायनो आम्लालाही चिकटला होता. त्याच्या खुणा गॅसग्रस्तांच्या रक्तात डॉ. श्रीरामचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून दाखविल्या. मधुमेहींच्या तीन महिन्यांच्या तपासणीत, ज्याला आपण एचबीएवनसी म्हणतो त्यात, आपण काय मोजतो? हिमोग्लोबिनच्या साखळीच्या टोकावरील व्हॅलिनला चिकटलेले ग्लुकोज! गॅसचा आघात आणि मधुमेह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची सरमिसळ मी करीत नाही. परंतु बाहेरून आलेले विष आणि रोजच्या ताटातून आलेली साखर यांना शरीरातले तेच दरवाजे सापडावेत, हे मला विद्यार्थ्यांना नेहमी सांगावेसे वाटत आले आहे.

आता स्थूलतेचा या ताणाशी संबंध कसा येतो ते पाहू. ज्यांनी चूल पेटविली आहे त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. चुलीत गरजेहून अधिक लाकडे कोंबली, की ज्योत वाढत नाही, धूर वाढतो. पेशीचेही तसेच आहे. माणूस बसून आहे, स्नायूंना शक्तीची मागणी नाही, आणि रक्तातून मेदाम्ले व ग्लुकोज यांचा पुरवठा मात्र अखंड चालू आहे. अशा वेळी तंतुकणिकांतील इलेक्ट्रॉनांची साखळी तुंबते आणि त्यांची गळती वाढते. सुपरऑक्साइड हा पेशीतला धूर होय.

त्यात भर पडते ती खुद्द मेदपेशींची. मेद म्हणजे कोठारात निमूटपणे पडून राहिलेले तूप, अशी आपली जुनी समजूत होती. ती आता टिकलेली नाही. फुगलेल्या मेदपेशींपर्यंत रक्तवाहिन्या पुरेशा पोहोचत नाहीत, त्या पेशी गुदमरतात, काही मरतात, आणि त्यांची विल्हेवाट लावण्यासाठी संरक्षक पेशी तेथे गोळा होतात. २००३ मध्ये अमेरिकेतील दोन संशोधक गटांनी स्थूल प्राण्यांच्या मेदात या भक्षक पेशींची दाटी असल्याचे दाखविले. जंतू मारण्यासाठी या पेशी जे शस्त्र वापरतात ते मुक्त मूलकांचेच असते. जंतू नसताना ते चालू राहिले, की जळते ते आपलेच घर. पुढल्याच वर्षी जपानी संशोधकांनी असे दाखविले, की स्थूल उंदरांत ऑक्सिडीकरणाचा ताण प्रामुख्याने मेदातच वाढतो. माणसांविषयी म्हणाल, तर अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावच्या प्रदीर्घ अभ्यासातील २,८२८ लोकांच्या लघवीत आयसोप्रोस्टेन मोजले गेले. पेशींच्या आवरणातील मेदाम्ल मुक्त मूलकांनी करपले, की जो अवशेष उरतो तो हा. वजन जितके अधिक तितका तो अधिक, आणि मधुमेह असेल तर त्याहूनही अधिक, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षात आढळले.

मधुमेहात साखरेचा वाटा निराळा असतो. रक्तातील साखर वाढली तर बहुतेक पेशी तिला आत घेण्यावर थोडेफार नियंत्रण ठेवतात. दृष्टिपटल, मूत्रपिंड, मज्जातंतू आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर येथील काही पेशींना मात्र हे जमत नाही. बाहेर जितकी साखर, तितकी आत. मधुमेहाचे घाव नेमके याच अवयवांवर का होतात, याचे उत्तर या असमर्थतेत आहे. न्यूयॉर्कचे मायकेल ब्राऊनली यांनी असे मांडले, की साखरेने होणाऱ्या निरनिराळ्या हानींच्या मुळाशी तंतुकणिकांतून निघणारे सुपरऑक्साइड हे समान कारण आहे. बफेलो येथील परेश दंडोना आणि प्रिया मोहंती यांच्या गटाने २००० मध्ये निरोगी माणसांना ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी तपासल्या. दोन तासांच्या आत त्या पेशींतून निघणाऱ्या मूलकांचे प्रमाण दुपटीच्या घरात गेले. फ्रान्समधील मॉनिए आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये २१ मधुमेहींत पाहिले, की साखरेच्या सरासरीपेक्षा तिच्या चढउतारांशी या ताणाचे नाते अधिक घट्ट आहे. एकादशीला दिवसभर काही न खाता संध्याकाळी साबुदाण्याच्या खिचडीची दोन ताटे रिचविणाऱ्या मधुमेही मंडळींनी हा निष्कर्ष विशेष लक्षात ठेवावा.

आणि या साऱ्याचा जाच सर्वांत अधिक कोणाला होतो, तर ज्या पेशींनी इन्शुलिन द्यायचे त्यांना. स्वादुपिंडातील बीटा पेशींमध्ये कॅटॅलेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या संरक्षक विकरांचा साठा इतर अवयवांच्या मानाने फार तुटपुंजा असतो, हे प्राण्यांवरील अभ्यासात दिसले आहे. म्हणजे साखर वाढली की ताण वाढतो, ताणाने बीटा पेशी दुबळ्या होतात, इन्शुलिन कमी पडते आणि साखर आणखी वाढते. दुष्टचक्र हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. येथे तो शब्दशः लागू पडतो. या चक्राचा एक आरा पुण्यात तपासला गेला. पुणे विद्यापीठातील प्राणिशास्त्र विभागाच्या सरोज घासकडबी आणि केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने, नुकतेच निदान झालेल्या मधुमेहींचे रक्त उपचारांपूर्वी आणि उपचार सुरू केल्यानंतरच्या काही आठवड्यांत तपासले. साखर आटोक्यात येताच ऑक्सिडीकरणाचा ताण उतरला, आणि त्याबरोबर बीटा पेशींचे कामही सुधारले. २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झाले. तेथे साधन औषधांचे होते. पण चक्र उलटे फिरू शकते, ही गोष्ट आमच्यासारख्या शिकविणाऱ्यांना मोठा धीर देणारी होती.

वजन उतरविले तर काय होते? दंडोना यांच्याच गटाने २००१ मध्ये नऊ स्थूल व्यक्तींना चार आठवडे दररोज १,००० उष्मांकांच्या आहारावर ठेवले. त्यांच्या पांढऱ्या पेशींतून निघणारी मूलके सुमारे निम्म्यावर आली. मेद आणि प्रथिने करपल्याच्या खुणाही घटल्या. इटलीत २००२ मध्ये स्थूल स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात बारा आठवड्यांच्या आहारनियमनानंतर वजनाबरोबर लघवीतील आयसोप्रोस्टेन उतरले आणि रक्त गोठविणाऱ्या बिंबिकांची अवाजवी चळवळही शांत झाली. कॅलिफोर्नियात काही मधुमेही पुरुषांना तीन आठवडे निवासी शिबिरात ठेवून तंतुमय, कमी स्निग्धतेचा आहार आणि रोजचे चालणे दिले गेले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातही हाच अवशेष घटला. तीन किंवा चार आठवड्यांत कोणी सडपातळ होत नाही. ही माणसे शिबिरातून किंवा आहारातून बाहेर पडली तेव्हाही स्थूलच असणार. तरीही पेशींतला धूर कमी झाला होता. यावरून मी असा अर्थ काढतो, की पहिला परिणाम पुरवठा थांबल्याचा असतो, साठा आटल्याचा परिणाम मागाहून येतो. चुलीतली चार लाकडे बाहेर ओढली की धूर लगेच विरळ होतो. परसातली मोळी संपायला वेळ लागतो.

हे अभ्यास लहान आहेत, हे येथे सांगितले पाहिजे. नऊ माणसे, वीस माणसे. शिवाय आहार बदलला, चालणे वाढले, साखर उतरली आणि वजन घटले, हे सारे एकाच वेळी घडते; श्रेयाची वाटणी काटेकोरपणे करता येत नाही. पण निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या खुणा मोजून निष्कर्षाची दिशा एकच निघते.

मोठा आणि भक्कम पुरावा मिळतो तो मधुमेह माघारी फिरण्याविषयी. इंग्लंडमधील न्यूकॅसलचे रॉय टेलर यांनी २०११ मध्ये ११ मधुमेहींना आठ आठवडे सुमारे ६०० उष्मांकांवर ठेवले. एका आठवड्यात यकृतातील मेद घटला आणि उपाशीपोटीची साखर सामान्य झाली. स्वादुपिंडातील मेद उतरण्यास व बीटा पेशी जाग्या होण्यास अधिक वेळ लागला. त्यातून ब्रिटनमध्ये ३०६ जणांवर झालेल्या डायरेक्ट या चाचणीत निम्म्या लोकांना तीन ते पाच महिने ८२५ ते ८५३ उष्मांकांचा द्रवाहार दिला. निदान होऊन सहा वर्षे उलटलेली नव्हती आणि इन्शुलिन चालू नव्हते, असेच रुग्ण त्यात घेतले होते. वर्षअखेर ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधांवाचून काबूत होता. नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण ४ टक्के होते. ज्यांनी १५ किलो किंवा अधिक वजन उतरविले, त्यांच्यात ते ८६ टक्के निघाले. दुसऱ्या वर्षाअखेर ४६ चे ३६ झाले, कारण काहींचे वजन परत आले. बीटा पेशी मेलेल्या नसून मेदाच्या आणि साखरेच्या ओझ्याखाली मूर्च्छित होत्या, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

पण वजन घटले म्हणजे सर्व संकटे टळली, असेही नव्हे. अमेरिकेत ५,१४५ स्थूल मधुमेहींवर सुमारे साडेनऊ वर्षे चाललेल्या लुक अहेड या चाचणीत पहिल्या वर्षी वजन ८.६ टक्क्यांनी घटले. साखर, रक्तदाब सुधारले, मूत्रपिंडाचे गंभीर विकार कमी झाले, मात्र हृदयविकाराच्या झटक्यांत आणि पक्षाघातात दोन गटांत लक्षणीय फरक पडला नाही. २०१३ मध्ये हे जाहीर झाले तेव्हा अनेक तज्ज्ञ खट्टू झाले. मला त्यात फारसे नवल वाटले नाही. दहा-पंधरा वर्षे करपत आलेल्या रक्तवाहिन्या एका वर्षाच्या संयमाने कोऱ्या होत नाहीत. लवकर आरंभ करण्याला म्हणूनच महत्त्व आहे.

येथे कोणी विचारील: करपणे हाच जर रोग असेल, तर करपू न देणारी गोळी का घेऊ नये? निवृत्तीनंतर मी सायंकाळी बड्या तलावाच्या काठी फिरायला जातो. तेथे भेटणाऱ्या मंडळींपैकी निदान तिघे-चौघे खिशातून प्रतिऑक्सिडकांच्या रंगीबेरंगी गोळ्या काढून दाखवितात, आणि त्यांची किंमत ऐकून मला घाम फुटतो. जीवनसत्त्व ई चा दावा सर्वांत मोठा होता. होप नावाच्या चाचणीत हृदयविकाराचा धोका असलेल्या ९,५४१ लोकांपैकी, ज्यांत मधुमेही पुष्कळ होते, निम्म्यांना ते रोज ४०० एकके, सुमारे साडेचार वर्षे दिले गेले. २००० मध्ये निकाल लागला: फायदा नाही. जर्मनीत २००९ मध्ये तर निराळेच दिसले. तरुणांना चार आठवडे व्यायाम दिला, निम्म्यांना त्यासोबत जीवनसत्त्व क आणि ई च्या मोठ्या मात्रा दिल्या. व्यायामाने शरीर इन्शुलिनला अधिक प्रतिसाद देऊ लागते. हा लाभ गोळ्या घेणाऱ्यांना मिळाला नाही! कारण असे, की व्यायामात निघणारी थोडी मूलके हा शरीराला मिळणारा इशाराच असतो. तो ऐकून पेशी स्वतःचा बंदोबस्त वाढवितात. गोळीने इशाराच पुसून टाकला.

न्यायाने दुसरी बाजूही सांगतो. २०२२ मध्ये पुण्यातील संशोधकांनी २५० मधुमेहींपैकी १२५ जणांना नेहमीच्या औषधांच्या जोडीने सहा महिने रोज ५०० मिलिग्रॅम ग्लुटाथायोन दिले. तेव्हा डीएनएच्या झिजेचा निर्देशांक उतरला आणि पंचावन्न वर्षांवरील रुग्णांत एचबीएवनसी काहीसे सुधारले. तेव्हा हे दार पूर्ण बंद झालेले नाही. पण ती जोड होती, पर्याय नव्हे. चूल धुमसते आहे, डोळे चुरचुरताहेत, आणि आपण लाकूड न ओढता डोळ्यांत घालण्याचे थेंब विकत आणतो आहोत, असे आजच्या गोळ्यांच्या बाजाराचे रूप आहे.

आता आपल्या लोकांपुरता एक खास प्रश्न उरतो. सभागृहात अनेकजण मनात म्हणत असतील, की मी काही लठ्ठ नाही, तेव्हा हे व्याख्यान शेजाऱ्यासाठी आहे. त्यांनी पुन्हा पुण्याकडे पाहावे. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक यांनी लंडनचे जॉन युडकिन यांच्यासमवेत दोघांचेच छायाचित्र एका जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापले. उंची आणि वजन यांचे गुणोत्तर दोघांचेही अगदी एक, २२.३. शरीरातील मेद मात्र युडकिन यांच्या अंगी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगी २१.२ टक्के. याचे मूळ त्यांना गर्भावस्थेपर्यंत सापडले. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत सुरू झालेल्या अभ्यासात तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लहानखुरी, त्यांचे स्नायू बारीक, पण कातडीखालचा मेद त्या मानाने राखलेला. दिसायला कृश, आतून मेदयुक्त, अशी ही आपली घडण आहे.

म्हणून आपल्या देशातील तज्ज्ञांनी २००९ मध्ये पाश्चात्त्यांचे मोजमाप बाजूला ठेवून, ते गुणोत्तर २३ च्या वर गेले की जादा वजन आणि २५ पासून स्थूलता, अशी मर्यादा ठरविली. आणि कृश दिसणाऱ्यांनाही वजन उतरविण्याचा लाभ होतो का? टेलर यांच्या गटाने २०२३ मध्ये रूढ अर्थाने स्थूल नसलेल्या २० मधुमेहींवर प्रयोग केला. त्यांपैकी १४ जणांचा मधुमेह माघारी गेला, आणि त्यासाठी वजनाच्या सुमारे साडेसहा टक्के घट पुरली. सत्तर किलोच्या माणसाला साडेचार किलो! याउलट चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ लोकांवर केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चालणे व आहार यांनी मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, वजन मात्र उतरले नव्हते. काटा हलत नाही म्हणून चालणे सोडून देणाऱ्यांनी हा आकडा वहीत टिपून ठेवावा.

शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी. इन्शुलिन अथवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारखी औषधे चालू असताना आहार एकाएकी निम्मा केला, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाते. औषधाची मात्रा आधी वैद्याकडून ठरवून घ्यावी. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या औषधांवर कडक उपास केल्यास रक्तात आम्ल साठू शकते. गरोदर स्त्रिया, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि ज्यांचे वजन मधुमेहानेच आपोआप उतरत चालले आहे, त्यांनी हा मार्ग स्वतःच्या मनाने धरू नये. साठीपुढील माणसांनी उपासमार करून वजन घटविले तर मेदाबरोबर स्नायूही जातात, आणि साखर खपविण्याची मुख्य जागा स्नायू हीच आहे. म्हणून डाळी, दूध, ताक, अंडी यांत काटकसर नको, काटकसर भात, पोळी, तेल आणि गोडात हवी. ज्यांची फुप्फुसे १९८४ पासून अधू आहेत, त्यांनी सपाटीवर, थांबत थांबत चालावे. श्यामला हिल्सचा चढ त्यांच्यासाठी नव्हे.

मॅलॉनडायअल्डिहाइड किंवा आयसोप्रोस्टेन मोजून घेण्यासाठी पैसे खर्च करू नयेत. त्या तपासण्या संशोधनाच्या आहेत. एका माणसाच्या एका आकड्यावरून उपचार ठरत नाही. घरात शिवणकामाची फीत असेल ती पुरे. श्वास सहज सोडून, सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध ती आडवी धरावी, आवळू नये. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही आपल्याकडील मर्यादा आहे. महिन्यातून एकदा, सकाळी, त्याच फितीने मोजून आकडा एचबीएवनसीच्या कागदाच्या मागे लिहून ठेवावा.